व्हिडिओ संकलनातील क्लिपचे प्रकार : सोयाबीन उगवण चाचणीचे उदाहरण

धाराशिव जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचा पेरा मोठा असतो आणि बरेच शेतकरी घरचेच बियाणे वापरतात. उगवण चाचणीचा छोटा व्हिडिओ तयार करून गावातील गटाला दाखविल्यास इतरांनाही चाचणी करणे सोपे जाते. चित्रण मोबाईलवर होते. अडचण येते ती संकलनात, म्हणजे एडिटिंगमध्ये. तेथे 'क्लिप' हा एकच शब्द अनेक अर्थांनी भेटतो. येथे केडेनलाइव्ह या संगणकावरील मोफत सॉफ्टवेअरची उदाहरणे घेतली आहेत. इतरत्र नावे थोडीफार बदलतात.

क्लिप म्हणजे मूळ चित्रण नव्हे

टाइमलाइनवर ठेवलेली क्लिप ही मूळ फाइलची केवळ नोंद असते. सातबाऱ्यावर जमिनीची नोंद असते, जमीन मात्र शिवारातच असते, तसेच हे आहे. क्लिप कापली किंवा काढून टाकली तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. उलट मूळ फाइल पुसली किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविली, तर सॉफ्टवेअरला ती सापडत नाही. प्रोजेक्टची फाइल जतन केली म्हणजे चित्रण जतन झाले, असे समजू नये.

नुकसानीच्या चित्रणाबाबत तर हे फारच महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात पुराने उभी पिके गेली. अशा वेळी केलेले चित्रण पुढे पुरावा म्हणून दाखवावे लागू शकते. संकलन करून काढलेली फाइल ही नवी फाइल असते व तिच्यावर नवी तारीख पडते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठविलेली प्रतही दाबून लहान केलेली असते. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवावी.

चाचणीसाठी कोणती क्लिप कोठे?

ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडणे, गुंडाळी करणे, पाणी शिंपडणे या कृतींसाठी व्हिडिओ क्लिप घ्यावी. व्हिडिओ क्लिप टाइमलाइनवर टाकली की चित्र आणि आवाज असे दोन जोडलेले भाग दिसतात. शेतातील वाऱ्याचा आवाज नको असल्यास जोड सोडवून आवाजाचा भाग काढावा आणि घरात शांतपणे बोललेले निवेदन ऑडिओ क्लिप म्हणून खाली ठेवावे. चित्र थोडे हलले तर चालते, पण बोलणे ऐकू आले नाही तर व्हिडिओ वाया जातो, असे माझे मत आहे.

सहा-सात दिवसांनी गोणपाट उघडल्यावर कोंब मोजायचे असतात. येथे स्थिर छायाचित्र, म्हणजे इमेज क्लिप, अधिक उपयोगी पडते. ती सुरुवातीला ५ सेकंदांची येते. कडा धरून ओढल्यास हवी तितकी वाढविता येते. व्हिडिओ क्लिप मात्र मूळ चित्रणापेक्षा अशी ओढून वाढविता येत नाही.

आकड्यांसाठी टायटल क्लिप वापरावी. उगवण ७० टक्के असल्यास एकरी ३० किलो बियाणे, ६० टक्के असल्यास ३५ किलो, एवढेच मोठ्या अक्षरांत लिहावे. मागे गडद रंगाची कलर क्लिप टाकल्यास उन्हात मोबाईलवरही मजकूर वाचता येतो. या दोन्ही क्लिप सॉफ्टवेअरमध्येच तयार होतात, कॅमेऱ्याची गरज नसते.

पेरणीनंतर एकाच जागेवरून रोज एक छायाचित्र घेतल्यास त्यांची स्लाइडशो क्लिप करता येते. ९० छायाचित्रे, प्रत्येकी पाचव्या हिश्श्याचा सेकंद, म्हणजे अवघ्या १८ सेकंदांत पूर्ण हंगाम दिसतो. त्यासाठी बांधावर एक खुंटी रोवून मोबाईल रोज तिच्यावरच टेकवावा. छायाचित्रांची नावे क्रमाने असावीत, नाहीतर शेंगा आधी आणि रोपे नंतर दिसतील.

काम संपल्यावर 'आर्काइव्ह प्रोजेक्ट' ही आज्ञा द्यावी. त्यामुळे वापरलेल्या सर्व मूळ फाइली प्रोजेक्टसह एका ठिकाणी जमा होतात. त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन, ती उघडते याची खात्री केल्यानंतरच मोबाईलमधील जागा मोकळी करावी.