डोकेदुखीची रोजकीर्द

चि. बेबीस,

‘डोके दुखते, गोळी घेते, पुन्हा दुखते’ एवढीच फिर्याद तू लिहिलीस. परंतु डोके कोणत्या बाजूस, किती वेळ आणि कशा रीतीने दुखते, हा तपशील हाती आल्यावाचून तिचा निवाडा कोणी कसा करावा?

कचेरीतील काम आटोपताना कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंनी दुखत असेल, मान ताठली असेल, पण जिना चढल्याने दुखणे वाढत नसेल, तर ते बहुधा ताणाचे होय. मान शेकून स्वस्थ झोप घेतली की ते पुष्कळदा ओसरते. अर्धशिशीची जात निराळी. सुश्रुतसंहितेतील ११ शिरोरोगांत ‘अर्धावभेदक’ म्हणून जिची गणना आहे ती हीच, आणि तुझ्या आजीला तिने आयुष्यभर छळले. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असला म्हणजे दिवेलागणीपासूनच तिच्या डाव्या कानशिलात ठणके सुरू होत. मग सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा लेप लावून, कपाळाला फडके करकचून बांधून, ती काळोख्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडे, आणि फोडणीच्या नुसत्या वासानेही तिला मळमळू लागे. आम्ही त्याला पित्त म्हणत असू. उपवास, जागरण, ऊन, मासिक पाळी ही अर्धशिशीची निमित्ते असतात आणि ४ पासून ७२ तासांपर्यंत ती माणसाला सोडत नाही, हे मला फार उशिरा कळले; आधी कळते तर दुपारी चार घास खाण्याचा आग्रह मी तिला केला असता. म्हणून तुला आता करतो.

गोळीविषयी मात्र स्पष्ट लिहितो. ती दुखण्याच्या आरंभीच घ्यावी. पण महिन्यातून १५ दिवस वा अधिक, असे काही महिने साधी वेदनाशामक गोळी घेत राहिल्यास ती गोळीच नव्या डोकेदुखीचे कारण होते. तुझे तसेच झाले असावे, अशी मला शंका आहे. तेव्हा आजपासून रोजकीर्द ठेव: तारीख, वेळ, बाजू, आदल्या रात्रीची झोप, जेवण, पाळी, गोळी.

एकाएकी वीज कोसळावी तसे डोके दुखले, तापासह मान ताठली, हातपाय लुळे पडले किंवा जीभ अडखळली, तर वही बाजूस ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

महिनाअखेर वही घेऊन ये. डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
मामा