बाळा, माझे चुकले
(पालकांसाठी धर्मशिक्षण)

वाचन : मत्तय ५:२३-२४, कलस्सैकरांस ३:२१



आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू शकेल असा एक प्रसंग घेऊ या. शनिवारी संध्याकाळी वडिलांना कपाटातील पाचशे रुपयांची नोट सापडेना. दुपारी अकरा वर्षांचा मुलगा एकटाच घरी होता. त्याला विचारले, तर तो नाही म्हणाला. वडिलांचा आवाज चढला. आजी आणि धाकट्या बहिणीसमोर त्याला एक चपराक बसली आणि 'चोर' हा शब्दही तोंडातून गेला. रात्री आई कामावरून आली आणि म्हणाली, "ती नोट मी सकाळीच दूधवाल्याला दिली." वडील गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी मिस्साहून परतताना त्यांनी मुलाला आईस्क्रीम घेऊन दिले. मुलाने ते खाल्ले. विषय मिटला, असे वडिलांना वाटले.

खरोखर मिटला का? आईस्क्रीम संपले, पण 'चोर' हा शब्द घरात तसाच राहिला. तो कोणी परत घेतला नाही. मुलगा त्यातून दोन गोष्टी शिकला. एक, मोठ्यांनी चूक केली तर ती बोलून दाखवायची नसते. दुसरी, खरे बोलूनही उपयोग होत नाही.

"मुलांची माफी मागितली तर ती डोक्यावर बसतील," असे आपण म्हणतो. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र वेगळी आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२२३ पालकांविषयी आहे. जे आईवडील आपल्या उणिवा मुलांपुढे मान्य करू शकतात, त्यांना मुलांना वळण लावणे आणि त्यांच्या चुका सुधारणे अधिक चांगले जमते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे माफी मागितल्याने पालकांचा अधिकार कमी होत नाही, उलट त्याला बळ मिळते. संत पौलानेही कलस्सैकरांना लिहिताना मुलांना आज्ञापालन सांगितले आणि लगेच पुढच्याच वचनात वडिलांना बजावले, की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील.

मग माफी मागायची कशी? त्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. प्रायश्चित्त संस्कारात आपण जे करतो, तेच घरी करायचे आहे.

१. पश्चात्ताप : प्रथम मनाशी मान्य करावे, की मी अन्याय केला. दिवसभराचा थकवा, पैशांची चिंता ही कारणे खरी असतील, पण त्यांमुळे मुलगा दोषी ठरत नाही.

२. निवेदन : पापनिवेदनात आपण चूक नाव घेऊन सांगतो आणि दुसऱ्यावर ढकलत नाही. घरीही तसेच करावे. "माझे चुकले असेल, पण तूही उलट बोललास," ही माफी नव्हे. "बाळा, मी तुला न विचारता चोर ठरवले आणि मारले. तू खरे बोलत होतास. माझे चुकले. मला क्षमा कर," एवढे पुरेसे आहे.

३. भरपाई : ज्याचे नाव आपण खराब केले, त्याचे नाव साफ करणे हे आपले कर्तव्य आहे. आरोप आजी आणि बहिणीसमोर केला, तर चूकही त्यांच्यासमोरच कबूल करावी. पतिपत्नीचे भांडण मुलांसमोर झाले असेल, तर समेटही त्यांना दिसू द्यावा. आणि पुन्हा हात उगारणार नाही, हा निश्चय पाळावा. दर आठवड्याला माफी आणि दर आठवड्याला मार, असे झाले तर त्या शब्दाला किंमत उरत नाही.

यात दोन पथ्ये पाळावीत. मुलाने लगेच हसून गळ्यात पडावे, अशी अपेक्षा धरू नये, त्याला वेळ द्यावा. आणि योग्य कारणासाठी शिस्त लावली असेल, तर त्याबद्दल माफी मागू नये. अभ्यास केला नाही म्हणून टीव्ही बंद केला, हे योग्यच. पण त्या वेळी अपमानाचे शब्द वापरले असतील, तर तेवढ्यापुरती क्षमा मागावी.

पोप फ्रान्सिस यांनी मे २०१५ मध्ये कुटुंबांविषयी बोलताना तीन शब्दांवर भर दिला होता : विनंतीचा, आभाराचा आणि क्षमेचा. समेट झाल्याशिवाय दिवस मावळू देऊ नका, असे ते सांगत. रोजच्या किरकोळ कुरबुरींना मायेचा एक स्पर्शही पुरतो, असेही त्यांनी म्हटले. पण जिथे मुलावर खोटा आळ आला, तिथे स्पर्शाबरोबर शब्दही हवेत.

मिस्साच्या आरंभी आपण देवाजवळ आणि बंधुभगिनींजवळ आपली पापे कबूल करतो. त्या बंधुभगिनींत आपल्या शेजारी उभा असलेला आपला मुलगाही येतो. पुढे शांतीची खूण देताना आपण मागच्या बाकावरील अनोळखी माणसाचाही हात हातात घेतो. मग घरातला समेट उद्यावर कशाला?

चिंतनासाठी
• गेल्या महिन्याभरात मी मुलांशी, पतीशी वा पत्नीशी, सासूसासऱ्यांशी केलेला कोणता अन्याय शब्दांनी मान्य करायचा राहिला आहे?
• मी माफी मागण्याऐवजी खाऊ, पैसे किंवा अबोला पुढे करतो का?

या आठवड्यात : एका संध्याकाळी रोझरीनंतर सर्वांनी पाच मिनिटे एकत्र बसावे. क्षमा मागण्याची सुरुवात घरातील सर्वांत मोठ्या व्यक्तीने करावी.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या मुलांना आम्ही दुखावले आहे. आमचा अहंकार दूर कर आणि क्षमा मागण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.