पाण्याखालचा पाया

इंग्लंडच्या दक्षिण भागात विंचेस्टर नावाचे प्राचीन नगर आहे. तेथील भव्य ख्रिस्तमंदिराचे बांधकाम १०७९ साली सुरू झाले. पुढे तेराव्या शतकात पूर्वेच्या बाजूस त्याचा विस्तार करण्यात आला. तेथील जमीन पाणथळ होती. म्हणून कारागिरांनी चिखलात लाकडी ओंडके अंथरले व त्यांवर दगडी भिंती उभारल्या.

शतके लोटली. ओंडक्यांखालची मऊ माती दबत गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी भिंती कलल्या व त्यांना मोठमोठे तडे गेले. मंदिर कोसळणार, अशी भीती निर्माण झाली.

भिंतींखाली खड्डे खणून कठीण थरावर नवा पाया घालावा, असे ठरले. परंतु खड्डा खणताच तो पाण्याने भरून जाई. पाणी उपसावे, तर त्याबरोबर मातीही वाहून जाण्याचा व भिंती अधिकच खचण्याचा धोका! तेव्हा फ्रान्सिस फॉक्स या अभियंत्यांनी पाण्यात उतरूनच पाया घालण्याचा उपाय सुचविला. त्यासाठी विल्यम वॉकर या अनुभवी पाणबुड्यांना पाचारण करण्यात आले.

१९०६ साली वॉकर कामास लागले. अंगावर अवजड पोशाख, डोक्यावर धातूचे शिरस्त्राण आणि श्वासापुरती नळीवाटे येणारी हवा! पाणी इतके गढूळ, की डोळ्यांचा काहीच उपयोग नसे. केवळ हातांनी चाचपडत ते तळाची माती काढीत आणि काँक्रीटच्या पिशव्या एकमेकींना भिडवून रचीत. त्या थराने खालून येणारे पाणी अडले, की खड्डा उपसून गवंडी पुढील बांधकाम करीत. अशा सुमारे २५,८०० पिशव्या वापरण्यात आल्या. वॉकर यांचे हे काम १९११ पर्यंत चालले. मंदिर वाचले.

१९१२ साली राजे पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत तेथे आभारप्रार्थना झाली व वॉकर यांचा सन्मान करण्यात आला. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचे निधन झाले. १९६४ साली मंदिरात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. पण त्याला चुकून फॉक्स यांचाच चेहरा देण्यात आला होता! ती चूक २००१ साली नवा पुतळा बसवून सुधारण्यात आली.

आज यात्रिक मंदिराच्या उंच कमानी पाहून थक्क होतात. वॉकर यांनी रचलेला पाया मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. पूर्वजांनी उभारलेली वास्तू पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप देणे, हेही उभारणीइतकेच थोर कार्य होय.

स्वाध्याय

१. खड्ड्यातील पाणी प्रथमच उपसणे धोक्याचे का होते?
२. वॉकर यांच्या कामातील अडचणी तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या गावातील एखादी जुनी वास्तू कोण सांभाळते, याची माहिती मिळवा.