संगणकाच्या दुकानात

आपण त्र्यंबकची माणसे. नावे जपून ठेवण्याचे काम आपल्याकडे फार जुने आहे. यात्रेकरू येतो, गाव आणि आडनाव सांगतो, आणि तीर्थोपाध्याय जुन्या वहीतून त्याच्या आजा-पणजाचे नाव काढून दाखवतात. संगणकही नावे जपतो. तो हे काम कसे करतो, ते मी तरुणपणी जवळून पाहिले.

१९९० साली मी नाशिकला एका लहानशा दुकानात कामाला होतो. रोज एस.टी.ने जायचे आणि यायचे. दुकान म्हणजे एक खोली, एक संगणक आणि एक छपाईचे यंत्र. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. गिऱ्हाइकाला वाटायचे, इथे देव बसवलाय की काय!

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला दोनच खुणा कळतात, शून्य आणि एक. या खुणांचा एकेक आकडा प्रत्येक अक्षराला नेमून दिलेला असतो. आपण 'क' ची कळ दाबली की तो आकडा आत जातो आणि पडद्यावर 'क' दिसतो. त्या काळी मराठी अक्षरांचे आकडे सगळीकडे सारखे नव्हते. आमच्या दुकानातला मजकूर दुसरीकडे उघडला, तर भलतीच चिन्हे दिसायची. पुढे जगातल्या लिप्यांसाठी एकच पद्धत ठरली. तिला युनिकोड म्हणतात. ती १९९१ साली आली. म्हणून तर आज तुम्ही मोबाइलवर धाडलेला मराठी निरोप दुसऱ्याला नीट वाचता येतो.

मजकूर फ्लॉपी नावाच्या चपट्या तबकडीवर साठवायचा. पावसाळ्यात तिला बुरशी धरायची. साठवण्याआधी वीज गेली, तर सगळे काम बुडाले. आणि वीज हटकून जायची. छापताना यंत्राच्या बारीक सुया शाईच्या फितीवर आपटत, ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उठे. आवाज असा की बोलणे ऐकू येत नसे.

एकदा आपल्याच भागातल्या एक बाई मुलाचा अर्ज टाईप करून घ्यायला आल्या. त्या साक्षरता वर्गाला जात होत्या. कागद हातात दिला आणि म्हटले, "मावशी, झालं काम."

"थांब भाऊ, वाचू दे."

मागे माणसे खोळंबली होती. मालक चुळबुळ करू लागले. बाई मात्र एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होत्या. जातीच्या ओळीवर बोट थांबले.

"इथं नुसतं कोळी लिवलंय. आम्ही कोळी महादेव."

टाईप करणाऱ्याकडून एक शब्द सुटला होता. अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोळी महादेव' आहे, नुसते 'कोळी' नाही. अर्ज तसाच गेला असता, तर पोराचे कागद अडले असते. यंत्राला त्यात काही वावगे दिसले नाही. दिसणार कसे? जेवढे घातले तेवढे त्याने छापले. मालकांनी दुसरा कागद फुकट दिला. त्या दिवसापासून छापण्याआधी गिऱ्हाइकाला पडद्यावर वाचायला बसवू लागले. ज्याला वाचता येत नसे, त्याला मी मोठ्याने वाचून दाखवी.

आता सातबाराही संगणकावर आहे. सेवा केंद्रात अर्ज भरताना पडदा आपल्याकडे फिरवायला सांगा. आपले नाव, वडिलांचे नाव, गट नंबर, क्षेत्र सावकाश वाचा. मागे रांग असली तरी असू द्या. सातबाऱ्यात लिहिण्याची चूक सापडली, तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ प्रमाणे तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. घरात जुना हाताने लिहिलेला उतारा असेल, तर त्याची नक्कल जोडावी, आणि अर्ज दिल्याची पोच मागून घ्यावी.