ताडी, बिअर आणि आमचा सेमिनार

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि विषय वाचून दचकू नका!

सेमिनारला मी फर्मेंटेशन घेतलं होतं. हॉलंडची माहिती भरपूर मिळाली. तिथली जुनी बिअर, म्हणजे एल, १५ ते २० अंशांच्या आसपास, वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबायची. १८६४ मध्ये गेरार्ड हायनेकेन यांनी अ‍ॅमस्टरडॅममधली जुनी ब्रुअरी घेतली आणि काही वर्षांत लागरकडे वळले. लागरचं यीस्ट तळाशी बसतं, १० अंशांच्या आसपास सावकाश काम करतं. म्हणून आधी बर्फ, मग कूलिंग मशीन लागलं. १८८६ मध्ये हार्टोग एलियन यांनी त्यांच्यासाठी शुद्ध यीस्ट वेगळं केलं. माल टिकाऊ, चव दरवेळी तीच. जुन्या एल मागे पडल्या.

हे सगळं रूममेटला वाचून दाखवलं. तो वसईकडचा. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "माझे आजोबा ताडी काढायचे." फर्स्ट इयरला यानेच सांगितलं होतं, आजोबा शेती करतात म्हणून! आणि मेसमध्ये ताडीवरचे जोक मारण्यात मीच पुढे. फार ओशाळलो.

रविवारी त्याच्या घरी गेलो. आजोबांनी सगळं समजावलं. ताडाची ती ताडी, माडाची माडी. फुलोऱ्याला काप देऊन खाली मडकं बांधायचं. गोड रस मडक्यात पडतानाच आंबायला लागतो, कारण यीस्ट हवेत आणि जुन्या मडक्यातच असतं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा आंबूस व्हिनेगर होऊ लागतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं थांबतं आणि नीरा मिळते. (चुन्याने पीएच वाढतो, हे मी सांगितलं. आजोबा म्हणाले, "असेल बाबा!")

म्हणजे एलसारखंच इथलं यीस्ट, इथली चव. पण ताडी थांबत नाही, दूर जात नाही. बाटलीबंद मालापुढे तिचा निभाव कसा लागणार? शिवाय १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडी काढायला परवाना आणि झाडामागे कर लावला, तो भार वेगळाच.

राहनाळला आमच्या घराजवळ गोदामांच्या मागे ताड आहेत. मला ते फक्त ताडगोळ्यांचं झाड वाटायचं.

सेमिनारमध्ये ताडीचा भाग रूममेटनेच सांगितला. आदल्या रात्री त्याने विचारलं, "आजोबांचं नाव घेऊ का रे?" म्हटलं, पहिल्या स्लाइडवर टाक.