शनिवारी दुपारी साडेबारा

हे बघ, तुझं स्क्रीनशॉट शोधणारं ॲप प्रॉडक्ट हंटवर, त्या नव्या ॲप्सना मतं देण्याच्या साइटवर, टाकायचंच असेल तर शनिवारी टाक. तुझ्या ऑफिसातली मुलं मंगळवार-बुधवार सांगतील, कारण आठवड्याच्या मधल्या दिवसांत तिथे वर्दळ जास्त असते. खरं आहे ते. पण त्याच दिवशी हाताशी अख्खी मार्केटिंग टीम असलेल्या कंपन्याही उतरतात, आणि तू एकटी आहेस. शनिवारी पाहणारे कमी, तसे भिडूही कमी. शिवाय त्या दिवशी तुला हिंजवडीला ऑफिसात जायचं नसतं.

वेळेचं गणित आधी डोक्यात बसव. त्या साइटचा दिवस कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्री सुरू होतो. म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं की दीड. तिथून चोवीस तास तुझे, मग नवी यादी लागते. आपली मंडळी दुपारी पाहतील, पण खरी हालचाल संध्याकाळनंतर. आपल्या साडेसहाला न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, साडेनऊला सॅन फ्रान्सिस्कोत. तेव्हा तू जागी आणि ताजी हवीस. शुक्रवारी रात्रभर बटणांचे रंग बदलत बसलीस आणि शनिवारी रात्री पेंगायला लागलीस, तर काय उपयोग?

आता तिथे येतं कोण, हे ऐक. रायन हूवरनं २०१३ मध्ये हे सुरू केलं तेव्हा ती नुसती एक ई-मेल यादी होती, नवी ॲप्स हुडकणाऱ्या हौशी लोकांची. २०१६ मध्ये एंजललिस्टनं कंपनी विकत घेतली, पसारा वाढला, पण येणाऱ्याचा पिंड फारसा बदललेला नाही. डेव्हलपर, डिझायनर, स्वतःचं काहीतरी उभं करणारे. एखाद्या प्रदर्शनात फिरणारे निम्मे लोक स्वतःच स्टॉलवाले असावेत, तसं आहे ते. कौतुक भरभरून करतील, खिशात हात घालतीलच असं नाही. म्हणून तर दादाला मी सोसायटी मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर तिथे टाकूच नको म्हणाले. डोंबिवलीतल्या सोसायटीचा सेक्रेटरी तिकडे कशाला फिरकेल? तुझं वेगळं आहे. फोनमध्ये हजार स्क्रीनशॉट साठवून त्यातला एक शोधत बसणारी माणसं नेमकी तिथेच आहेत.

आणि हो, आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सगळ्यांनी मत द्या' असलं काही टाकायचं नाही. मामी, आत्या, काका सगळे प्रेमानं खाती उघडतील, आणि त्या प्रेमानंच तुझं नुकसान होईल. मतं मागणं तिथल्या नियमांत बसत नाही, आणि सगळी मतं सारख्या वजनाची नसतात. त्याच दिवशी उघडलेल्या खात्यांवरून एकगठ्ठा मतं आली की संशय येणारच. लिंक पाठव, 'मी हे बनवलंय, बघून काय वाटतं ते सांगा' एवढंच लिही. लाँचिंगची कुणकुण लागली की लिंक्डइनवर 'इतके पैसे, इतकी मतं' असे निरोपही येतील. उत्तरसुद्धा देऊ नकोस. पहिले काही तास मतांचे आकडे झाकलेले असतात आणि यादीचा क्रमही पक्का नसतो, तेव्हा दर दोन मिनिटांनी पान उघडून बघण्यात काही अर्थ नाही. पहिल्या पानावर कोणाला घ्यायचं हेही तिथली माणसं ठरवतात. तू नाही आलीस तर तो तुझ्या कामावरचा निकाल समजू नकोस.

तुझी मेहनत लागायला हवी ती दोन ठिकाणी. एक म्हणजे टॅगलाइन. साठ अक्षरांत बसवायची असते, आणि तू पाठवलेल्या मसुद्यात 'एआय-पॉवर्ड' आहे, 'सीमलेस' आहे, फक्त स्क्रीनशॉट कुठे नाही! 'फाइंड एनी स्क्रीनशॉट बाय द वर्ड्स इन इट' एवढं पुरे. दुसरं, पहिली कॉमेंट. ती बनवणाऱ्यानं स्वतः लिहायची असते. तिथे 'आम्ही' लिहू नकोस, तू एकटी आहेस, 'मी' लिही. का बनवलंस, आज काय जमतं, काय अजून जमत नाही. देवनागरी मजकूर शोधता येतो ही गोष्ट तू शेवटी, लाजत लिहिली आहेस. वर घे ती. इंग्रजीत शोधणारी ॲप्स पुष्कळ आहेत.

'काँग्रॅट्स' म्हणणाऱ्यांना थोडक्यात थँक्यू म्हण आणि पुढे जा; त्यातल्या बऱ्याच जणांचं स्वतःचं लाँचिंग पुढच्या आठवड्यात असतं. थांबायचं ते खवचट प्रश्न विचारणाऱ्यापाशी. 'गूगल फोटोजमध्ये शोधता येतं की, मग हे कशाला?' 'माझे स्क्रीनशॉट तुमच्या सर्व्हरवर जातात का?' स्क्रीनशॉटमध्ये लोकांची बँक स्टेटमेंट असतात गं, ओटीपी असतात. फोनवरच सगळं होत असेल तर तसं लिही, नसेल तर काय कुठे जातं ते स्पष्ट सांग. गोलगोल उत्तर तिथे लगेच ओळखू येतं.

एक गोष्ट मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस. तिथे खातं व्यक्तीच्या नावानं असतं, तेव्हा तुझं नाव आणि फोटो जगासमोर जाणार. तुझं अपॉइंटमेंट लेटर काढ आणि वाच. जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय, नोकरीत असताना केलेल्या कामाची मालकी कोणाची, कंपनीच्या लॅपटॉपबद्दल काय म्हटलंय. २०२२ मध्ये विप्रोनं प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याची बातमी तू मलाच दाखवली होतीस. तुझी गोष्ट तशी नाही, तू दुसऱ्या कोणाची नोकरी करत नाहीयेस. पण एचआरला ते तुझ्याकडून कळलेलं बरं की लिंक्डइनवरून? कलम संदिग्ध वाटलं तर लेखी परवानगी माग. नाही मिळाली तर लाँचिंग थांबव, नाव लपवण्याच्या फंदात पडू नकोस.

पैशाचं म्हणशील, तर परदेशी कार्ड चालतंय का हे आधीच तपास. स्ट्राइप आपल्याकडे सरसकट सगळ्यांना खातं देत नाही, म्हणून बरेच जण पॅडलसारख्या मध्यस्थामार्फत विकतात. तिकडच्या करांची भानगड तो बघतो आणि आपला वाटा कापून घेतो. बाकी जीएसटीचं सीएला विचार. आणि कोणी कितीही गळ घातली तरी 'एकदाच पैसे भरा, जन्मभर वापरा' देऊ नकोस. सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं.

सोमवारी आकडे धाडकन खाली येतील. सगळ्यांचे येतात. त्या दिवशी मला फोन कर हवं तर, पण ॲप बंद करायचं वगैरे काही ठरवू नकोस. दोन आठवडे जाऊ दे, मग बघ, अजूनही कोण उघडतंय. पाच-सात जण असले तरी चालतील. त्यांना एकेकाला स्वतः लिही, शेवटी काय शोधलंत आणि सापडलं का, ते विचार. सहा महिन्यांनी, खरोखर काही मोठं बदललं असेल, तर तिथेच पुन्हा लाँच करता येतं. तेव्हा मंगळवार घे, रजा टाकून.