झिजलेली जॉयस्टिक : आधी निदान, मग दुरुस्ती

आमचा धंदा कापडाचा. मागाचे एखादे दातेरी चाक झिजले म्हणून कोणी अख्खा माग भंगारात काढीत नाही; चाक बदलून माग चालू करतो. जुन्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरलाही हाच हिशेब लागू आहे. दुरुस्तीचे काम करणाऱ्या आमच्या कारागीर भावांसाठी आज एक नमुना घेऊ.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1996 साली 'निन्टेन्डो 64' बाजारात आणला. त्याच्या कंट्रोलरच्या मधोमध एक जॉयस्टिक आहे. शौकीन लोक हा गेम आजही जपून ठेवतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते : दांडी ढिली पडली, मध्यावर उभी राहत नाही.

रचना समजून घ्या. दांडीचे खालचे टोक प्लास्टिकच्या वाटीत टेकलेले असते. दांडी हलली की दोन आडव्या-उभ्या कमानी हलतात आणि दातेरी चाकांमार्फत खाचा असलेल्या दोन चकत्या फिरतात. चकतीच्या एका बाजूला प्रकाश देणारा दिवा व दुसऱ्या बाजूला तो टिपणारा भाग असतो. खाचांतून किती वेळा प्रकाश गेला, यावरून दांडी किती सरकली ते मोजले जाते.

म्हणजे खोट बहुधा विजेच्या भागात नसून प्लास्टिकमध्ये असते. प्लास्टिकवर प्लास्टिक घासून वाटी खोल होते, दांडीचे टोक आखूड होते, कमानीची फट रुंद होते. उघडल्यावर आत पांढरी भुकटी दिसली तर समजावे, ही झीज आहे.

कामाचा क्रम असा. मागचे स्क्रू काढून जॉयस्टिकचा डबा तीन स्क्रूंतून सोडवावा. तारेचा जोड हळूच काढावा. कोणता भाग कोठे होता, त्याचा फोटो काढून ठेवावा. भुकटी मऊ ब्रशने झाडून भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. प्लास्टिक खराब होते. मग वाटी, दांडी व कमानी तपासून झिजलेला भाग बदलावा. प्लास्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस वाटीत किंचितच लावावे. चकत्यांवर ते लागता कामा नये, नाहीतर प्रकाश अडतो.

जोडणी झाल्यावर दांडीला हात न लावता गेम चालू करावा, कारण चालू होताना दांडी जेथे असते तोच मध्य धरला जातो. मध्य चुकला असेल तर एल, आर व स्टार्ट ही बटणे एकत्र दाबली की तो पुन्हा ठरतो.

आता व्यवहाराची गोष्ट. साफसफाईने चाल हलकी होते, पण झिजून गेलेले प्लास्टिक परत येत नाही. नुसते पुसून 'नवे केले' म्हणून पैसे घेतले, तर तेच गिऱ्हाईक थोड्याच दिवसांत तक्रार घेऊन दारात उभे राहते. त्यानंतर ते येत नाही, आणि चार जणांना सांगते. म्हणून साफसफाईची मजुरी वेगळी व नव्या भागाची किंमत वेगळी, हे काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे. दुसऱ्या बनावटीची जॉयस्टिक बसवायची असेल तर हाताला फरक जाणवेल, हेही सांगावे. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावा. आमच्या धंद्यात ठाणातला डाग आधी दाखवणाऱ्याचेच दुकान टिकते. दुरुस्तीच्या टेबलावरही तेच खरे.